आयातच्या पट्ट्या

रत्नागिरी,
रविवार, २० नोव्हेंबर २००५

चिरंजीव अक्रम,

तुला जयभीम आणि सलाम, दोन्ही एकदमच. इकडे सगळं ठीक आहे. मी बरा आहे. शालन बरी आहे, तिचे गुडघे तेवढे तिच्याहून जास्त बोलतात. थंडी म्हणावी तशी पडलेली नाही, पण पहाटे पायाशी चादर शोधावी लागते. परसातल्या हापूसने एकाच फांदीवर मोहोर धरला आहे. बाकीचं झाड अजून विचारात आहे.

आज सकाळी मिरकरवाड्याला मासळी आणायला गेलो तर तुझे अब्बा भेटले. कुवेतहून कायमचे परत आल्यापासून रशीदभाई रोज लिलावाला जाऊन उभे राहतात, घ्यायचं काही नसलं तरी. मला लांबूनच बघून हात वर केला.

"सर, कसा बोलला आमचा पोरगा परवा? टीव्हीवरच्या बातम्यांसारखा बोलला की नाय?"

"बोलला खरा," मी म्हटलं.

त्यांनी मला जबरदस्तीने चहा पाजला आणि बांगड्यांच्या भावावरून मासेवालीशी माझ्या वतीने भांडून घेतलं. मी त्यांना पुढे काही बोललो नाही. जे आहे ते तुझं आणि माझं आहे. त्यांच्या चहात ते कशाला कालवू?

हे पत्र लिहायला बसलो तेव्हापासून शालन दारातून दोनदा डोकावून गेली. "अवो, किती वेळ त्या कागदाकडं बघत बसणार? पोराला शिव्या घालायच्या हायत का?"

"नाहीत."

"मग आशीर्वाद?"

"तेही नाही."

"मग कागद कशाला नासताव? नारळ तरी सोला."

नारळ सोलून आलो आहे. आता लिहितो.

सुरुवात खरं तर शुक्रवारच्या समारंभापासून करायला हवी. पण मी पडलो मराठीचा मास्तर. चाळीस वर्षं कविता शिकवलेल्या माणसाला शेवटच्या कडव्यापासून सुरुवात करता येत नाही. आधी मागे जातो. तुला घाई असेल तर पानं उलट, पण मला वाटतं तू उलटणार नाहीस.

तू सहावीत होतास. खिडकीजवळचं बाक. पुस्तकातली कविता संपली की उरलेल्या वेळात मी माझीच एखादी गायला लावायचो, आठवतं? "टाक जाळं, ओढ दोर, आज दर्या आहे थोर." काव्य म्हणून त्यात काही नव्हतं, पण वर्ग हलायचा. मी नुसतं "हं" म्हटलं की तू सगळ्यांच्या आधी ध्रुवपद उचलायचास. तुझा आवाज फुटायच्या वयात तो मध्येच घसरायचा आणि अख्खा वर्ग हसायचा; तू मात्र थांबायचा नाहीस. त्या तासाला कौलांमधून ऊन खाली यायचं, त्यात खडूची धूळ तरंगायची, आणि मला वाटायचं की हा तास संपू नये. मी पुष्कळ वर्गांना शिकवलं. ध्रुवपद तुझ्यासारखं कुणी उचललं नाही. हे मी तुला याआधी सांगितलं नव्हतं. आज सांगतोय, याचं कारण पुढे येईल.

मग नव्व्याण्णव साली शाळेत संगणक आले. चपला बाहेर, खिडक्यांना पडदे, आणि रत्नागिरीच्या उकाड्यात पूर्ण शाळेत थंड असलेली ती एकच खोली. तू कोल्हापूरहून डिप्लोमा करून त्या खोलीचा शिक्षक म्हणून आलास. मी रिकाम्या तासाला तिथे मागे येऊन बसायचो. शालन लोकांना सांगायची, "आमचे संगणक शिकायला जातात." खोलीची हवा खायला जातात, हे तिला माहीत होतं.

मागे बसून मी जे पाहिलं ते मला सहन होईना. आपल्या मुलांना त्या पडद्यावर साधा चौकोन काढायचा असे. त्यासाठी इंग्रजीत हुकूम लिहायचे. 'फॉरवर्ड'मध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की यंत्र खेकसायचं. मुलं चौकोन विसरायची आणि अक्षरं शोधत बसायची. मी निवृत्त झालो तरी येत राहिलो, मुलांकडून कविता म्हणून घेत राहिलो, आणि त्या खोलीत दर वर्षी तेच. शेवटी दोन वर्षांपूर्वी सहावीत मिरकरवाड्याची आयात आली. तिचा बाप ट्रॉलरवर. ही पोरगी वर्गात तोंड उघडायची नाही. तू तिला विचारलंस, "का गं, येत नाही?" तेव्हा ती जे म्हणाली ते तुला आठवत असेलच.

"सर, मला काय करायचंय ते ठावं हाय. ह्याला कसं सांगायचं ते ठावं नाय."

तू माझ्याकडे वळून बघितलंस. मी घरी गेलो आणि चपलांच्या खोक्यातून माझ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या. कवितेच्या ओळी सुट्या कापून मुलांना जुळवायला द्यायचो, त्याच. कोऱ्या बाजूवर मराठीत लिहिलं: पुढे चल. उजवीकडे वळ. पुन्हा कर. दुसऱ्या दिवशी आयातने त्या जमिनीवर मांडल्या आणि त्यांच्या हुकमाने कागदाची होडी सरकवत चौकोन पुरा केला. तू मध्येच तिला अडवून विचारलंस, "आता होडी कुठे आहे?" तिने बरोबर जागेवर बोट ठेवलं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत तू घरातून बाहेर पडला नाहीस. जन्नतभाभी शालनकडे येऊन रडल्या होत्या, पोरगा जेवत नाही, नुसता टकटक करतो म्हणून. सुट्टी संपली आणि होडीसकट पट्ट्या पडद्यावर आल्या. रंगीत, एकीला खाच, दुसरीला दात. जी जिथे बसायची ती तिथेच बसणार. चुकीची आपोआप निसटणार. स्पेलिंगचा प्रश्नच मिटला. ज्यांना मराठी वाचायलाही वेळ लागायचा त्यांच्यासाठी प्रत्येक पट्टीला आवाज दिला, तो माझा. हेडमास्तरांच्या खोलीतला पंखा बंद करून आपण घामाघूम होत तो भरला. "पुढे चल" म्हणताना मध्येच बाहेर कावळा ओरडला होता. तू म्हणालास, "राहू दे सर, मुलांना आवडेल." खरंच आवडलं. मुलं त्या पट्टीला कावळापट्टी म्हणायची.

आणि तो पाच बाजूंचा चौकोन! तो आठवला की अजून हसू येतं. चार बाजू काढून होडी पुन्हा निघाली त्या कोपऱ्यात यायला हवी, तर ती भलत्याच कोपऱ्यात जाऊन थांबायची. पडद्यावर चौकोन बरोबर दिसायचा, कारण पाचवी रेघ पहिलीवरच बसायची. तू डोकं धरून बसलास. तुला वाटलं, तुझ्याच कामात गफलत आहे. मी बघितलं की ही चूक नेमकी माझ्या कवितेत पुढे असलेली मुलं करतायत, आणि मला उलगडलं. अरे, ध्रुवपद आपण कडव्यानंतर म्हणतोच, पण त्याआधी एकदा सुरुवातीलाही म्हणतो ना! पोरांनी तेच केलं. आधी एक बाजू मोकळी काढली, मग "चार वेळा पुन्हा कर". त्यांना पुनरावृत्ती कळत नव्हती असं नाही. पोरं ती माझ्या तासाला शिकली होती, एवढंच.

तू त्यावर "पुन्हा कर" या पट्टीचं कडं केलंस. सगळं त्या कड्याच्या पोटात जायचं, आणि दर फेरीला रेघेचा रंग बदलायचा. बाहेर राहिलेली बाजू आधी काळी उमटायची आणि शेवटच्या फेरीत तिच्यावर रंग चढायचा. मुलांना त्यांची चूक त्यांच्या डोळ्यांनी दिसली. कुणी सांगावं लागलं नाही.

त्याच वर्गातल्या अभयची गोष्ट वेगळी होती. अभयला इंग्रजी बरं यायचं, पट्ट्याही भराभर जोडायचा. पण कोडं मोठं झालं की त्याचा धागा सुटायचा. जर भरती असेल तर थांब, नाहीतर नीघ. निघालास तर जाळं टाक, नाहीतर परत ये. इथे तो गोंधळायचा. त्याला तू फळ्यावर चौकटी आणि बाण काढून दिलेस. निर्णयाच्या जागी तिरकी चौकट. मुलांनी तिला लगेच शंकरपाळी नाव दिलं. "सर, ह्या शंकरपाळीतून दोन वाटा निघतात." अभयचं तोंड असं उजळलं, जणू कुणी त्याला अख्ख्या गावाचा नकाशा हातात दिला.

मग आपण उत्साहात तोच नकाशा आयातला दिला, आणि ती पुन्हा गप्प झाली. शेवटी म्हणाली, "सर, रेघ बघू की आतलं लिवलेलं बघू?"

त्या दिवशी पायऱ्यांवर बसून तू मला म्हणालास, "सर, चित्र दाखवलं की सगळ्यांना कळतं, हे खोटं आहे. कोण कुठे अडखळतं ते आधी बघायचं, मग कुठलं चित्र ते ठरवायचं. आयातला पट्ट्या, अभयला नकाशा. उलट केलं तर दोघंही बुडतील."

हे वाक्य माझं नाही, अक्रम. तुझं आहे. मी फक्त ते जपलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये तू पुण्याच्या कंपनीत निघालास. हातखंब्याच्या नाक्यापर्यंत मी रिक्षातून तुझ्याबरोबर आलो, उगाचच. गाडीला उशीर होता. टपरीवर उभ्याने चहा पिताना तू म्हणालास, "पट्ट्या आणि नकाशे, दोन्ही नेतो सर. तिथे माणसं आहेत, यंत्रं आहेत. नीट करून परत आणतो, सगळ्या शाळांसाठी." गाडी सुटली तेव्हा मी हात हलवला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. आपल्या हातची वस्तू मोठ्या जागी चालली आहे, याचा म्हाताऱ्या माणसाला किती आनंद होतो ते तुला इतक्यात कळणार नाही.

तू गेल्यावर दर शनिवारी मी मुलांना त्या खोलीत बसवत राहिलो. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण कोण पट्ट्यांचं मूल आहे आणि कोण नकाशाचं, हे चेहऱ्यावरून कळायला लागलं होतं. मास्तराला तेवढं कळतं.

शालन जेवायला बोलावते आहे. बांगडे तळले आहेत. पुढचं उद्या लिहितो. आजची गोडी आजच्या पानांवर राहू दे.

सोमवार, सकाळ

यंदा दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. ईदच्या दिवशी तू शिरखुर्म्याचा डबा घेऊन आलास. शालनने तुला कडबोळी बांधून दिली, "पुण्यात मिळतात, पण ती दुकानातली" असं वर सुनावून. तू पाटावर बसलास, पूर्वीसारखा. मी शिरखुर्मा खात होतो आणि तू म्हणालास, "सर, शाळेत माझ्या कंपनीचं नवीन काही येतंय. समारंभाला चार ओळी लिहून द्या ना. तुमच्याशिवाय कोण?"

मला कोण आनंद! त्याच दुपारी लिहायला बसलो. शब्द आपोआप येत होते. तेव्हा मी तुला एक प्रश्न विचारला आणि तू एका शब्दात उत्तर दिलंस. तो शब्द आत्ता लिहवत नाही. आधी शुक्रवार लिहितो.

शुक्रवारी मंडपात पहिल्या रांगेत मला खुर्ची. संस्थेचे अध्यक्ष महिपतराव मधोमध. तू कोट घातला होतास. माझी ओळख करून दिलीस, "आमच्या शाळेतले जुने कवी, तांबे सर." मी उठून माझ्या ओळी म्हटल्या. टाळ्या पडल्या. नंतर तू मागचा मोठा पडदा चालू केलास, आणि त्यातून माझा आवाज आला. "चला, सुरुवात करू या." आपण हेडमास्तरांच्या खोलीत भरलेला तोच.

शालनने मला कोपर मारलं, "अवो, तुमी!" मी खुर्चीत पुढे सरकलो. आता पट्ट्या येतील म्हणून.

पट्ट्या आल्याच नाहीत. चौकटी आल्या, बाण आले, शंकरपाळ्या आल्या, आणि त्यांच्या पोटात बारीक इंग्रजी. 'सुगम' असं नाव. माझा आवाज तेवढ्या एका वाक्यानंतर गेला तो गेलाच. मग तू आलेख दाखवलास. सहावी, सातवी, आठवी, मुलांचे प्रॅक्टिकलचे गुण कसे चढत गेले. म्हणालास, "ही किमया 'सुगम'ची आहे."

अक्रम, 'सुगम' शाळेत आलं ते या दिवाळीच्या सुट्टीत. ते गुण त्याच्या आधीचे आहेत. पट्ट्यांवर कमावलेले, माझ्यासमोर.

आणि वर तू आयातला बोलावलंस. "या मुलीला एकेकाळी काहीच येत नव्हतं. आज ती तुम्हाला करून दाखवेल." ती नवी ओढणी घेऊन आली होती. माऊस हातात धरला आणि पडद्याकडे बघत राहिली. मी खाली बसून बघत होतो. तिची नजर बाणावर जायची, अक्षरांवर यायची, परत बाणावर. सहावीत होती तशीच. कुणीतरी मागून हसलं. तू तिच्या हातातून माऊस घेतलास आणि म्हणालास, "घाबरली आहे ती," आणि भराभर स्वतःच करून टाकलंस. टाळ्या पडल्या. ती तुझ्या खुर्चीमागे उभी होती. तिला खाली उतरायला सांगायचंही कुणाला सुचलं नाही.

ती घाबरली नव्हती. तुला माहीत होतं की ती घाबरली नव्हती.

मंडपाच्या मागे ती मला भेटली. "सर, पट्ट्या कुठे गेल्या?" मी संगणकाच्या खोलीत गेलो. एकाही यंत्रावर नाहीत. नव्या शिक्षकाने सांगितलं, कंपनीची अट आहे, यंत्रावर दुसरं काही ठेवायचं नाही. सुट्टीत माणूस येऊन सगळं पुसून गेला. तो बिचारा दिलगिरीने म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल."

मलाही तसंच वाटलं असतं.

शनिवारी संध्याकाळी तुझा फोन आला. तो अजून कानात आहे.

"सर, पुढच्या शनिवारी संस्थेच्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक येतायत. त्या दिवशी निर्णय आहे. महिपतराव म्हणतात, तांबे सर उभे राहिले तर कुणी मागे हटणार नाही. तुम्ही दोन शब्द बोला फक्त. मुलं यानेच सुधारली एवढं म्हणा."

"पट्ट्या काढल्यास का?"

"सर, दोन-दोन वस्तू कोण घेणार? गिऱ्हाइकाला एकच लागतं. मास्तरांना एक शिकवताना नाकी नऊ येतात. कंपनीत मी सांगून बघितलं. त्यांना एकच हवं होतं, आणि चौकटींचं दिसायला भारदस्त आहे."

"आणि आयात?"

"तिला होईल सवय."

"गुण पट्ट्यांचे आहेत, अक्रम."

"सर, मूळ एकच आहे ना. आपलंच आहे."

मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. शालन समोर उभी होती. "काय म्हणाला?" मी म्हटलं, "आपलंच आहे म्हणाला." ती आत गेली आणि जन्नतभाभींचा घासलेला डबा तिने पुन्हा घासायला घेतला.

एक गोष्ट मात्र न्यायाने लिहितो. तुझं 'सुगम' वाईट नाही. अभयने ते शुक्रवारी समारंभानंतर उघडलं आणि तासभर उठला नाही. त्याच्यासारख्यांना ते तारेल. पण आपल्या भागात अभय थोडे आणि आयात फार. संस्थेच्या शाळा थेट नाटे गावापर्यंत पसरल्या आहेत. तिथल्या मुलांची बुद्धी बोलायला तयार असते आणि जीभ परक्या अक्षरांत अडकते. त्यांच्यापुढे पहिल्या दिवशी बाण आणि इंग्रजी ठेवलं तर ती गप्प होतील. आणि मास्तर वहीत शेरा मारतील, "मूल मंद आहे." मुलंही ते खरं धरतील. सर्दीचं औषध खरूज झालेल्याला दिलं, आणि खरूज गेली नाही म्हणून रोग्यालाच दोष दिला, तसं होईल. शनिवारच्या निर्णयावर हे अवलंबून आहे. तुझी नोकरीही अवलंबून असेल, मला कळतं. पण तुला दुसरी नोकरी मिळेल. आठवीतल्या मुलीला दुसरी आठवी मिळत नाही.

काल दुपारी आयात घरी आली होती, आईबरोबर. आई म्हणत होती, "सर, ही म्हणते कॉम्प्युटरला जात नाय. नाव काढून शिवण घेते." आयात उंबऱ्याशी उभी. मी म्हटलं, "अगं, तुला येतं."

"तेव्हा येत होतं," ती म्हणाली. "ते आता खोटं हाय ना? सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, त्या नव्याने मी शिकले. त्या नव्याने मला काय येत नाय. मग मी शिकलेच नसेन."

बघ, कसा विचार करते. पायरीवर पायरी ठेवून, तू शिकवलास तसा. आणि निष्कर्ष काय काढला तिने.

मी तिला पुठ्ठ्याच्या पट्ट्या दिल्या. तिने घेतल्या, पण लहान मुलीचं मन राखायला द्याव्यात तशा मीच देतोय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. आठवीच्या मुलीला पुठ्ठा देणं म्हणजे काय, ते मलाही कळलं.

आता तो शब्द.

ईदच्या दिवशी शिरखुर्मा खाता खाता मी तुला विचारलं होतं, "त्या नव्यात आपल्या पट्ट्या आहेत ना रे?" तू वाटीत चमचा फिरवत होतास. वर बघितलं नाहीस. म्हणालास, "आहेत, सर."

त्या वेळी खोलीतल्या यंत्रांवरून त्या पुसल्या गेल्या होत्या. त्या पुसायला माणूस पाठवणारी कंपनी तुझी. तू माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून, माझ्याकडून स्वागताच्या ओळी लिहून घेतल्यास, आणि मी विचारल्यावर "आहेत" म्हणालास. "नाहीत सर, काढाव्या लागल्या" असं म्हणाला असतास तर मी भांडलो असतो, रुसलो असतो, आणि शालनने आपल्या दोघांनाही जेवायला वाढलं असतं. कंपनीला एकच वस्तू हवी असते, हे मला समजतं. माझ्यापुढे खोटं कशाला बोललास? मी तुझं गिऱ्हाईक होतो का?

दोन दिवस मी हेच घोकतो आहे. कविता पाठ व्हावी तशी ते दोन शब्द पाठ झाले आहेत. आहेत, सर. आहेत, सर.

मुलं फसवतात. गृहपाठ केला म्हणतात, पोट दुखतं म्हणतात. चाळीस वर्षं ते मी हसत हसत ओळखत आलो. तुझं मला ओळखता आलं नाही, कारण तुझ्याकडे मी तसं कधी बघितलंच नव्हतं. आम्हाला मूल नाही, हे तुला माहीत आहे. त्यापुढचं वाक्य मी लिहीत नाही.

आता कामाचं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता सभा आहे. मी उभा राहणार आहे. महिपतरावांना तसं कळवलं आहे. काय बोलणार ते त्यांनी विचारलं नाही, त्यांनी ते गृहीत धरलं आहे. मी सांगणार आहे की ते गुण 'सुगम'चे नाहीत. ही मुलं कशावर शिकली, ते काय होतं, कुणी केलं, आणि ते आज यंत्रांवर का नाही, ते सांगणार आहे. अभयला 'सुगम' हवं आणि आयातला पट्ट्या हव्यात, दोन्ही ठेवा, नाहीतर काहीच घेऊ नका, असं म्हणणार आहे. तुझं नाव मला घ्यावं लागेल. पट्ट्या करणारा म्हणून आधी घेईन. नंतरही घ्यावं लागेल.

माझा आवाज तुझ्या त्या वस्तूतून काढून टाक. हे विनंती म्हणून लिहीत नाही.

हे सगळं पत्रात का लिहितो आहे, तर मला जे कळलं ते भर मंडपात, खुर्चीत बसून, टाळ्या वाजवता वाजवता कळलं. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये. तुला बुधवारी नाहीतर गुरुवारी हे मिळेल. मध्ये एक-दोन दिवस तरी आहेत. पट्ट्यांची एक प्रत तुझ्याकडे नक्की असेल. स्वतः केलेलं कुणी फेकत नाही. ती घेऊन ये. सभेत मी उठायच्या आधी तू उठलास आणि स्वतःच्या तोंडाने खरं सांगितलंस, तर मी खुर्चीतून हलणार नाही. एक शब्द बोलणार नाही. महिपतराव कितीही खुणावू देत. आयात आईबरोबर येणार आहे, मी तिला बोलावलं आहे. तिला ते माझ्याकडून नाही, तुझ्याकडून ऐकायचं आहे.

तू नाही उठलास तर मी उठेन.

रशीदभाईंना यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. जन्नतभाभींचा डबा शालनने घासून ठेवला आहे. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात काय घालायचं याचा ती दोन दिवस विचार करते आहे. ठरलेलं नाही.

एरवी खाली "तुझा सर" लिहायचो. हात तिथपर्यंत गेला होता.

कळावे. लोभ आहे, त्याचाच त्रास आहे.

सहदेव तांबे